अनुभव सांगा: शिकायचं ठरवलं आणि तेवढ्यात नोकरी चालून आली

मार्चमध्ये माझी चाकणची नोकरी गेली. नऊ वर्षं क्वालिटीत होते, कंपनीने आमची अख्खी लाईनच दुसऱ्या राज्यात हलवली. ग्रॅच्युइटी मिळाली म्हणून लगेच ओढाताण नव्हती, मग कधीपासून मनात होतं ते ठरवलं, बी.एड. करायचं, बीएस्सी आहेच. सीईटी दिली, मार्क बरे पडले, आता अॅडमिशनच्या राऊंडची वाट बघतेय. आणि परवा जुन्या सरांचा फोन, रांजणगावला जागा आहे, आधीपेक्षा चार हजार जास्त, सोमवारपर्यंत कळव. दोन रात्री झोप नाही. बी.एड. दोन वर्षांचं, हजेरी 80 टक्के लागते आणि इंटर्नशिपला 90, म्हणजे शिफ्टची नोकरी करून ते होणारच नाही. नवरा म्हणतो तू ठरव, सासूबाई म्हणतात लक्ष्मी दारात आलीय, परत पाठवू नये. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा ना, नुसता सल्ला नको, तेव्हा काय काय मोजलं होतं आणि पुढे काय झालं ते सांगा.

*

ताई, मी डिचोलीचा. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातली 88 खाण लीज रद्द केली, 16 मार्चपासून काम बंद. मी एक्सकॅव्हेटर ऑपरेटर. 2012 ला बंद झाल्या तेव्हा आज चालू होतील उद्या होतील म्हणून घरी बसून राहिलो होतो, ते परत करायचं नव्हतं, म्हणून आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घ्यायचं ठरवलं. वय 33, पण आयटीआयला वयाची वरची अट नसते. फॉर्म भरला आणि ओडिशाहून बोलावणं आलं, बडबिलकडच्या लोखंडाच्या खाणीवर, तेच मशीन, पगार चांगला, राहायची सोय. बरोबरचे चौघे गेले. मी नाही गेलो, आई डायलिसिसवर होती हे एक, आणि दुसरं म्हणजे ते काम परत खाणीचंच, उद्या तिथलं लीज अडकलं तर परमुलखात बसून काय करणार. दोन वर्षं फार वाईट गेली, बायकोचे दागिने सोसायटीत गहाण ठेवले, लपवत नाही. आज म्हापसा ते कळंगुट हॉटेलांचे एसी बघतो, हाताखाली दोन पोरं आहेत. गेलेल्यांतल्या एकाने तिकडच्या पैशांवर घर बांधलं, तेही खरं आहे. तुमच्या जागी असतो तर रांजणगावची लाईन किती वर्षांच्या ऑर्डरवर चालू आहे ते आधी विचारलं असतं.

*

मी उलटं केलं. नाशिकला सातपूरमध्ये होतो, 2020 ला कमी केलं. ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, असणाऱ्यांसाठी तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती, त्यातून मला जास्तीत जास्त 90 दिवसांचे, सरासरी रोजाच्या 50 टक्के असे पैसे मिळाले. कंपनीत कोणी सांगितलं नव्हतं, एका शेजाऱ्यामुळे कळलं. सीएनसी प्रोग्रामिंग शिकणार होतो, फी भरायच्या आदल्या दिवशी भिवंडीच्या गोडाऊनची नोकरी आली, म्हटलं सहा महिने करू, पैसे साठवू मग शिकू. पण घराबाहेर रोजचे तेरा तास, रविवार झोपेत, साठवलेलं बहिणीच्या लग्नात गेलं, आणि शिकणं राहिलं ते राहिलंच. नोकरी वाईट नाही, मुलं शिकतायत. पण नंतर शिकू म्हणून घेणार असाल तर तारीख ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मी कोणालाच सांगितली नव्हती.

*

मी सांगलीची, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला नर्स. नोकरी सुटली तेव्हा पुण्यात जर्मन भाषेची बी1 लेव्हल चालू होती, इथे नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण त्यापुढची बी2 लागते. मध्येच मुंबईच्या एका हॉस्पिटलची ऑफर. बाबा रिटायर, भावाची फी, म्हणून घेतली, पण इंटरव्ह्यूलाच सांगितलं की मला नाईटच द्या, सकाळी ऑनलाईन क्लास आहे. रात्रभर वॉर्ड आणि सकाळी डोळे मिटत असताना क्रियापदं. बी2 चं बोलण्याचं मॉड्यूल गेलं, बाकी तीन निघाले, तेवढं एकच परत देता आलं म्हणून वाचले. एक वर्ष जास्त लागलं. पण अगं, माझा क्लास मागेपुढे करता येत होता, तुझं बी.एड. तसं नाही, माझं बघून हो म्हणू नकोस.

*

एकच सांगते, ओरिजिनल कागद कोणाकडे देऊ नका. मी जॉईन झाले तिथे मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतला होता, अॅडमिशनच्या वेळी कागद मागितले तर आज देतो उद्या देतो करत राऊंड निघून गेली. बॉन्ड आहे का तेही विचारा.

*

सगळं दोनदोनदा वाचलं, मनापासून आभार. काल सरांना फोन करून सरळ सांगितलं की मी बी.एड. करणार आहे, राऊंड लागेपर्यंतच येऊ शकते. ते म्हणाले पर्मनंट जागेवर असं कोणी घेणार नाही, पण इन्स्पेक्शनचं काम साठलंय, दोन महिने कॉन्ट्रॅक्टवर ये, पैसे कमी मिळतील. हो म्हटलं. लाईनचंही विचारलं, त्यांच्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. सासूबाईंना सांगताना मला रडूच आलं, त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, फी किती आहे ते आधी सांग. सोमवारी सकाळी 6 ची बस आहे, फक्त झेरॉक्स घेतल्यात बरोबर, ओरिजिनलची फाईल त्यांच्याच कपाटात ठेवलीय.