नुसतं ‘गोल्ड प्लेटेड’ लिहून भागत नाही
सोनेरी थर दिलेले स्टीलचे दागिने विकायला मागवताना बिलावर ‘अठरा कॅरेट गोल्ड प्लेटेड’ असलं की पुरे का, असं एका ताईंनी विचारलंय, तर अजिबात नाही, त्यातून फार तर रंग कळतो, थर किती आणि कसा चढवलाय ते कळतच नाही. मी स्वतः फसलोय, सँपलला पीव्हीडी होतं (निर्वात पेटीत धातूची वाफ करून चढवलेला कडक थर) आणि मालाला साधं इलेक्ट्रोप्लेटिंग (द्रावणात वीज सोडून चढवलेला मुलामा), दोन महिन्यांत अंगठ्या आतून पांढऱ्या पडल्या आणि गिऱ्हाइकांचे फोटोवर फोटो सुरू. तेव्हापासून पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) लिहितो, स्टील ३१६ एल (न गंजणाऱ्या स्टीलची एक प्रत), व्हॅक्यूम पीव्हीडी, खाली टायटॅनियम नायट्राइड (सोनेरी दिसणारा कडक थर), वर खरं सोनं आहे की नाही, आणि थर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग).

कुणी पीव्हीडी ‘पाच मायक्रॉन’ सांगितलं तर जरा शंका घ्या, दागिन्यांवर तो थर साधारण एक मायक्रॉनच्या आतबाहेरच असतो, टिकतो तो कडकपणामुळे. थर चढवण्याआधीची सफाई जास्त महत्त्वाची, हाताचं तेल राहिलं तरी पापुद्रा सुटतो.

साखळीच्या कड्या न् बाळीचा बिजागर आधी बघा, घासतं तिथंच पहिलं जातं. आणि घामाची टेस्ट, म्हणजे कृत्रिम घामात ठेवून रंग टिकतो का ते बघणं, ही आलेल्या लॉटमधलेच पीस काढून करा, सँपलवर नको.