शब्दचर्चा : जुन्या बातमीतला ‘शुक्राचा पश्चिमेस अस्त’

विचारणा

नागपूरच्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक चाळते आहे. ‘शुक्राचा पश्चिमेस अस्त’, ‘गुरूचा पूर्वेस उदय’ अशा ओळी त्यात पुन्हा पुन्हा दिसतात. संध्याकाळचा शुक्र रोजच पश्चिमेला मावळतो, मग त्यात छापण्यासारखं काय? कुठे ‘अस्त’ असतं, कुठे ‘लोप’. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘शेंडेनक्षत्र’ म्हणजे धूमकेतूच ना?

उत्तर

ताई, ही ओळ रोजच्या मावळण्याची नाही. ग्रह सूर्याच्या इतका जवळ सरकतो की संधिप्रकाशात दिसेनासा होतो, तो त्याचा अस्त. पुढे सूर्यापासून लांब जाऊन पुन्हा दिसू लागला की उदय. रोजचं उगवणं-मावळणं पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं आणि हे ताऱ्यांमधून सरकणाऱ्या सूर्याच्या आणि ग्रहांच्या चालीमुळे. संस्कृत ज्योतिषग्रंथांनी दोन्हींना ‘उदयास्त’ हाच शब्द वापरला आणि पंचांगातून तो जसाच्या तसा वर्तमानपत्रात आला. वाचकाला संदर्भ ठाऊक होता, म्हणून फोड करायची गरज संपादकाला वाटली नाही.

यात दिशेला फार महत्त्व आहे. गुरू, शनी, मंगळ हे नेहमी पश्चिमेला अस्त पावतात आणि पूर्वेला उदय पावतात. सूर्य त्यांना मागून गाठतो, म्हणून ते संध्याकाळच्या आकाशातून नाहीसे होतात आणि पहाटेच्या आकाशात वर येतात. शुक्राचं तसं नाही. ५८४ दिवसांच्या त्याच्या चक्रात दोन अस्त होतात. संध्याकाळची चांदणी झपाट्याने खाली येऊन पश्चिमेला लोपली, तर ती आठ-दहा दिवसांत पूर्वेला दिसते. तेव्हा शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून गेलेला असतो. पहाटेची चांदणी पूर्वेला लोपली, तर ती पश्चिमेला दिसायला सुमारे दोन महिने लागतात, कारण शुक्र सूर्याच्या पलीकडून फिरून येतो. म्हणजे तुमच्या ओळीतलं ‘पश्चिमेस’ हे पद भरतीचं नाही. ते वाचून जाणता माणूस ओळखायचा की हा लहान अस्त आहे, पंधरवड्याच्या आत आटोपेल.

अस्त नेमका कधी धरायचा, यालाही मोजमाप होतं. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात प्रत्येक ग्रहाचे कालांश, म्हणजे दिसण्यासाठी सूर्यापासून लागणारं अंतर, दिले आहेत: गुरूला ११, शुक्राला १०, आणि शुक्र वक्री, म्हणजे उलट्या चालीचा, असेल तर ८. एक कालांश म्हणजे आजची ४ मिनिटं. सूर्य बुडाल्यावर ४४ मिनिटांच्या आत गुरू बुडत असेल, तर तो अस्तंगत. वक्री शुक्राला कमी कालांश का, तर पृथ्वीजवळ असल्यामुळे तो एरवीपेक्षा मोठा आणि ठळक असतो आणि सूर्याच्या जास्त जवळ असूनही दिसतो. डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहून बसवलेलं हे गणित आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता छापायचं कशासाठी? लग्नांसाठी. गुरू किंवा शुक्र अस्तात असला की विवाह आणि मुंज यांचे मुहूर्त धरत नाहीत. अस्ताच्या आधीचे काही दिवस ग्रहाचं ‘वार्धक्य’, उदयानंतरचे काही दिवस ‘बाल्य’, तेही वर्ज्य. ‘शुक्राचे बाल्य संपले’ अशी ओळ दिसली तर ती कवितेतली समजू नका, मुहूर्त सुरू झाले एवढाच तिचा अर्थ. नागपूरच्या इतवारीतल्या सराफाला, महाल भागातल्या भटजींना, मुलीच्या बापाला, सगळ्यांना ही तारीख हवी असायची. आपल्या भागातले हिंदी बोलणारे शेजारी याच गोष्टीला ‘तारा डूबा’ म्हणतात. तिथेही ‘तारा’ म्हणजे गुरू किंवा शुक्रच.

‘लोप’ आणि ‘अस्त’ इथे एकाच अर्थाचे. पंचांगात ‘लोप’ची जोडी ‘दर्शन’शी लागते, ‘अस्त’ची ‘उदय’शी. माझं मत विचाराल तर आजच्या लिखाणात लोप-दर्शन ही जोडीच वापरावी. रोजचं उगवणं-मावळणं आणि हे यांत घोटाळा होत नाही, आणि लोप म्हटलं की दिसेनासं होणं लगेच कळतं. एवढा नेमका शब्द घरात असताना ‘शुक्र दिसणार नाही’ असे मोघम मथळे कशाला?

हीच रीत ताऱ्यांनाही लागू आहे. ‘अगस्त्याचा उदय’ म्हणजे काही महिने सूर्यतेजात हरवलेला अगस्त्य पहाटे पुन्हा दिसू लागणं. नागपुरात तो दक्षिणेला जेमतेम १६ अंश वर चढतो, त्यामुळे क्षितिज मोकळं हवं. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याची वेळ येते, पण तेव्हा ढग असतात. दिसायला खरा तो पाऊस ओसरल्यावरच लागतो.

शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतूच. शेंडी असलेलं नक्षत्र. बोलण्यात ‘नक्षत्र’ कोणत्याही ताऱ्याला चालायचं. ‘धूमकेतू’ हा ग्रंथातला शब्द आणि ‘शेंडेनक्षत्र’ घरातला, यापलीकडे भेद नाही. मात्र १९१० सालची कात्रणं शोधत असाल तर एक ध्यानात ठेवा. त्या वर्षी दोन धूमकेतू आले: जानेवारीत एक फार तेजस्वी, आणि मे महिन्यात हॅलेचा. कात्रणावर तारीख नसेल तर कोणत्या धूमकेतूविषयी लिहिलंय हे नुसत्या शब्दावरून ठरवू नये. आणि गोपाळराव ओगल्यांच्या ‘महाराष्ट्र’मध्ये तो शोधू नका; ते पत्र १९१४ साली निघालं.

आणखी एक प्रतिसाद

भाऊ, चांगलं समजावून सांगितलं. आमच्याकडे काटोलच्या बाजूला म्हातारी माणसं अजून ‘दिवस निघाला’, ‘दिवस बुडाला’ म्हणतात, ‘उगवला-मावळला’ कमी. शुक्राला कोणी शुक्र म्हणत नाही, ‘सुक्राची चांदनी’ म्हणतात, म्हणून ती ‘ती’. पेपरात मात्र तो ‘तो’. माझी शंका उंचीबद्दल. ‘चांदणी कासराभर वर’ असं ऐकलं आहे. कासरा म्हणजे किती?

त्यावर

कासरा म्हणजे बैल हाकणाऱ्याच्या हातातली दोरी. ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणजे क्षितिजापासून त्या दोरीएवढा वर दिसतो आहे. त्याला अंशात बसवायचा हट्ट धरू नये. क्षितिजावरची झाडं आणि शेताचे बांध नजरेत धरून सांगितलेलं ते अंतर आहे. ऐकणाराही त्याच शिवारातला असल्यामुळे त्याला पुरायचं. धूमकेतूची शेपटी ‘हातभर’ म्हणणं याच जातीचं. अंशच हवे असतील तर हात लांब करून मूठ धरा, ती सुमारे १० अंश भरते. सूर्य किंवा चांदणी तेवढं चढायला साधारण पाऊण तास घेते.

मूळ विचारणा करणारीकडून

आभार. दिशेचा खुलासा लावून पाहिला, तारखा जुळल्या. पण वेळा जुळत नाहीत. संगणकावर त्या दिवसाचं आकाश काढलं की छापलेल्या वेळेपेक्षा कधी पाव तास, कधी अर्धा तास फरक पडतो.

उत्तर

ती वेळ कोणत्या घड्याळाची, हे आधी पाहा. आजची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. तिच्या आधी रेल्वेची मद्रास वेळ होती आणि गावाची आपली स्थानिक वेळ. नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १४ मिनिटं मागे आहे. तुमचा पाव तास बहुधा इथला. पंचांग मुंबईचं असेल तर तिथलं आणि इथलं यांत आणखी २५ मिनिटांचं अंतर येतं. वेळ घटकांत दिली असेल तर एक घटका २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासून, मध्यरात्रीपासून नाही. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे केली होती. त्या वर्षांतलं कात्रण असेल तर आधी तो तास वजा करा, मग बाकीचा हिशेब.