विषय: कुमठेकर रस्त्यावरचा गाळा भाड्याने घ्यायचाय, टोकनआधी काय पाहावं?

स.न.वि.वि.

माझी पुतणी पुण्यात फराळ आणि कोरड्या खाऊचं दुकान काढते आहे. कुमठेकर रस्त्यावर तळमजल्याचा एक गाळा पसंत पडलाय. एजंटने सांगितलेला हिशोब असा: 320 फूट सेलेबल (भिंती, जिना वगैरेंचा वाटा धरून सांगतात ते माप), भाडं महिना 80,000, अनामत 5 लाख, मुदत पाच वर्षं, तीन वर्षांनंतर 15 टक्के वाढ. मालक ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत, व्यवहार त्यांचे मेहुणे बघतात. मेहुण्यांचं म्हणणं, आधी 11 महिन्यांचं नोटरीवर करू, पुढचं पुढे बघू. जाणकारांनी कृपया सांगावं.

— सु. भि.

------

ताई, नमस्कार.

नोटरीचं आधी डोक्यातून काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुतणीच्या बाजूने पाहिलं तर मोठा धोका वेगळाच. फर्निचर, काउंटर, बोर्ड यांवर एकदा पैसे घातले की अकराव्या महिन्यात मालक म्हणेल ते भाडं मान्य करावं लागतं. पाच वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स (जागा ठराविक मुदतीपुरती वापरायला देण्याचा करार) एकदाच नोंदवा. मुद्रांक शुल्क फार नाही: पहिली तीन वर्षं 28,80,000, पुढची दोन 92,000 प्रमाणे 22,08,000, अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी पाच वर्षांचे 2,50,000. एकूण 53,38,000, त्यावर 0.25 टक्के म्हणजे 13,345. नोंदणी फी 1,000. मुदत मात्र 60 महिन्यांपलीकडे नेऊ नका, तिथून पुढे भाडेपट्ट्याचा दर लागतो आणि तो बाजारमूल्यावर असतो.

लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ) हा शब्द करारात असतोच, पण बहुतेक मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला बांधतो. दोघांनाही बांधणारा लिहून घ्या. दुकानदाराने भाडं थकवलं नाही तर मालकाला पूर्ण पाच वर्षं करार मोडता येणार नाही, आणि दुकानदाराला दीड-दोन वर्षांनंतर तीन महिन्यांच्या नोटिशीवर निघता येईल. यावर मालक कुरकुर करतात, तरी मागायचं. कारण सगळी गुंतवणूक तिची असते.

आता प्रत्यक्ष गाळा. 320 सेलेबल म्हणजे आत किती, हे टेप लावल्याशिवाय कळणार नाही. 210 निघाले तर 80,000 भाड्याचा फुटाचा दर 250 वरून 381 होतो. दर्शनी रुंदी भिंत ते भिंत मोजू नका. शटर ज्या दोन चॅनेलमधून वरखाली होतं त्यांच्या आतलं अंतर मोजा, गिऱ्हाइकाला दिसतं तेवढंच. पोटमाळा मोजणीत धरलाय का, आणि तो मंजूर नकाशात आहे का, हेही विचारा.

पेठेतल्या जुन्या इमारतींत आणखी एक बघायचं. डांबराचे थर चढून चढून रस्ता उंच झालाय आणि दुकानाची जमीन खाली राहिली आहे. शटरची सर्वांत खालची पट्टी हाताने तपासा. तिथे गंज पोखरलेला असेल, आत भिंतीला वीतभर उंचीवर ओलीची रेघ असेल, तर जूनमध्ये पाणी आत येतं. चिवड्या-लाडवाच्या दुकानाला ही ओल म्हणजे मालाचा नाश. अशा वेळी उंबऱ्याची कड आणि जमीन उचलण्याचा खर्च कुणाचा, ते आधीच ठरवा.

बाहेरच्या पायऱ्या आणि पुढची मोकळी जागा ‘दुकानाबरोबरच’ म्हणून दाखवतात. फ्रंट मार्जिन विक्रीसाठी वापरायची परवानगी गृहीत धरू नका. महापालिकेचं अतिक्रमण पथक आलं की शेड, रॅक, पायरी सगळं जातं. भाडं ठरवताना तिची किंमत शून्य धरायची.

कागद चार: मंजूर नकाशा (त्यात हा गाळा ‘दुकान’ म्हणूनच दाखवलेला हवा, पार्किंग नको), भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा), मिळकतकराची ताजी पावती. वाड्याच्या जागेत ‘मालक’ स्वतःच जुना पागडीचा भाडेकरू निघाला तर मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका.

— वि. ग.

------

ताई, काकांनी जागेचं सांगितलं, मी पैशाचं लिहिते.

मालक अनिवासी आहेत म्हणून भाड्यावर किमान 31.2 टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा मालकाचा आयकर) कापावा लागतो. 80,000 वर 24,960 कापायचे आणि 55,040 मालकाच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) भरायचे. निवासी मालकाच्या भाड्याला जी सूट मर्यादा असते ती इथे नाही, पहिल्या रुपयापासून कपात. त्यासाठी पुतणीला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा आयकर क्रमांक) काढावा लागेल. कापला नाही तर वसुली आणि व्याज तिच्याकडून होतं, मालकाकडून नाही. मालकाला एवढी कपात जड जात असेल तर त्यांनी आयकर विभागाकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणावं. ते हातात येईपर्यंत पूर्ण दरानेच कापायचं.

जीएसटी: मालकाची नोंदणी असेल तर 18 टक्के वर, म्हणजे 14,400. मालकाची नोंदणी नाही आणि पुतणीची आहे, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तोच कर तिने स्वतः भरायचा. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठराविक दराने जीएसटी भरायची सोय) व्यापाऱ्यांना यातून 16 जानेवारी 2025 पासून वगळलंय. दोघांचीही नोंदणी नसेल तर प्रश्नच नाही. कोणत्या योजनेत जायचं ते भाडं ठरायच्या आधी सीएशी बोलून ठरवा.

मेहुण्यांच्या सहीला कुलमुखत्यारपत्र हवं, तेही नीट. परदेशात भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर केलेलं, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरलेलं. त्यात लीव्ह अँड लायसन्सने देण्याचा, सही करण्याचा, नोंदणी करण्याचा असे अधिकार स्पष्ट लिहिलेले असावेत. ‘सर्व व्यवहार पाहावेत’ एवढ्यावर नोंदणी अडकते.

— मे. पा.

------

दोघांचेही मनापासून आभार. कळवल्यावर मेहुणे म्हणाले, कराचं तुमचं तुम्ही बघा, आमच्या हातात 80,000 पडले पाहिजेत. आणि पुतणीला शेव-चकली तिथेच गरम तळून द्यायची आहे. जमेल का?

— सु. भि.

------

‘हातात 80,000’ हे मान्य केलंत तर भाडं 80,000 राहत नाही. 80,000 भागिले 0.688, म्हणजे 1,16,279. मुद्रांक आणि 15 टक्के वाढही त्याच आकड्यावर येतील. करारात ‘मासिक शुल्क 80,000, लागू असलेला टीडीएस वजा करून’ एवढंच वाक्य ठेवा. कापलेला कर मालकाच्या नावावर जमा होतो, विवरणपत्र भरून जास्तीचा परत मिळतो; त्यांचं काही बुडत नाही.

— मे. पा.

------

तळणाचं माझं स्पष्ट मत: या गाळ्यात नको. कढईचा धूर वर न्यायला धुरांड्याचा पाइप इमारतीच्या छतापर्यंत चढवावा लागतो आणि वरच्या मजल्यांवर राहती घरं असतील तर सोसायटी ना-हरकत देत नाही. दिली तरी पहिल्या तक्रारीला मागे घेते. तळण दुसरीकडे करून इथे फक्त विक्री ठेवावी. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी दोन्ही पत्त्यांची करावी. तरीही इथेच तळायचं असेल तर ना-हरकत कराराला जोडूनच सही करा.

वीज मीटर व्यापारी आहे का, मंजूर भार किती, ते महावितरणच्या बिलावर पाहा. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर दुप्पट दराने आकारणी होते. बोर्डाचं माप आणि जागा करारात लिहा; मराठी नाव देवनागरीत, आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, हा नियम 2022 पासून छोट्या दुकानांनाही आहे.

तारखेचंही बघा. कुमठेकर रस्ता विसर्जन मिरवणुकीच्या मार्गांपैकी एक, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत माल उतरवणं आणि सुतारकाम दोन्ही अडतं. ताबा जूनमध्ये घेऊन 45 दिवस भाडेमाफ मागा, म्हणजे काम श्रावणात संपेल आणि दिवाळीचा फराळ पूर्ण हाती लागेल.

टोकन चेकनेच द्या, मालकाच्या एनआरओ खात्याच्या नावाने, मेहुण्यांच्या नव्हे. पावतीवर एवढं लिहून घ्या: चार कागद आणि कुलमुखत्यारपत्र 15 दिवसांत न दाखवल्यास रक्कम पूर्ण परत.

— वि. ग.