महाड, डिसेंबर १९२७: लुगड्याचा काठ किती उंच?

रंगपट_सातारा
मनुस्मृतिदहनाच्या परिषदेवर दीर्घांक बसतोय. बाबासाहेबांच्या भाषणानंतर दलित बायका नेसण बदलतात: गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचं लुगडं सवर्ण बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसतात. हा बदल रंगमंचावरच, लुगडं तेच ठेवून दाखवायचाय. शिवलेली नऊवारी चालेल का?

काठपदर
शिवलेली अजिबात नको. तिचा काठ शिवणीत पक्का असतो, खालीवर होत नाही. शिवाय सॅटिनची चमक लावणीची वाटते.

जाड सुती, गडद लुगडं घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, पन्हा (रुंदी) ४५ इंच. कमरेपासून घोट्यापर्यंत ३६ इंच धरले तर ९ इंच कमरेशी दुमडले जातात. काठ गुडघ्याच्या जरा खाली ठेवायचा तर दुमड २२ इंचांची. ती आत घेऊन वरून सुती नाडी बांधा, नायलॉनची घसरते. बदलताना आधी काष्टा सोडायचा, मग नाडी. उलट केलं तर पुढचा काठ घोट्याशी येतो आणि मागचा पोटरीवर अडकतो. मग निऱ्या आणि काष्टा पुन्हा खोचायचे. एकटीला हे जमत नाही, दोघी-दोघींच्या जोड्या लावा. दिसायलाही तेच खरं वाटेल.

माजघर
दागिने विसरू नका. गळाभर माळा आणि कोपरापर्यंतचे गोट (जाड बांगड्या) घालणं सोडा, हेही त्याच भाषणात आहे. लुगड्याच्या नेसणीइतकीच तीही जातीची खूण होती. गोट ॲल्युमिनियमचे आणि एक माप मोठे घ्या, नाहीतर घामाने मनगटावर अडकतात. चोळी पुढे गाठीची; हूक दिसता कामा नये.

काठपदर
एक कळकळीची विनंती: पहिल्या प्रवेशात चिंध्या आणि मळ दाखवू नका. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण स्वच्छ हवा, असं बाबासाहेबांनी सांगितलं होतं. प्रश्न गरिबीचा नव्हताच. तेच लुगडं खाली नेसायला जास्तीचा पैसा लागत नाही, तरीही रूढीने ते अडवलं होतं. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात १८५९च्या जाहीरनाम्याने खालच्या मानलेल्या नाडार जातीच्या स्त्रियांना छाती झाकायची मुभा दिली, पण वरच्या जातींच्या बायकांसारखी नाही, ही अट ठेवूनच. तिथे जे नाकारलं, म्हणजे वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसणं, महाडला नेमकं तेच करायला सांगितलं गेलं. म्हणून सुरुवातीला सवर्ण बाईचं एक पात्र घोट्यापर्यंतच्या नेसणीत समोर ठेवा. त्याशिवाय काठ का उतरला ते प्रेक्षकाला कळणार नाही.

रंगपट_सातारा
ते पात्र संहितेत नाही, पण पाणवठ्याच्या प्रवेशात घालता येईल. उद्याच्या तालमीत नाडी बांधून बघतो.