मदत हवी आहे: साताऱ्याच्या घरी स्मार्ट स्विच बसवून वीजबिल खरंच कमी होतं का?

मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आई-बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. घर जुनं, वर एक खोली आणि मोकळी गच्ची. राहणारी माणसं दोन, एसी नाही, तरी हिवाळ्यात बिल ३४० युनिटच्या घरात जातं. दिवाळीला गेलो तेव्हा बाबांनी बिल माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? बघ काय ते."

म्हणून एका ऑटोमेशनवाल्याला घरी बोलावलं. सहा बोर्ड स्मार्ट, पॅसेज आणि बाथरूमला सेन्सरचे दिवे, हॉलला मोटरचा पडदा, सगळं मोबाइलवर. कोटेशन १,१०,००० रुपये. "बिल तीस टक्के खाली येणार" हे त्याने दोनदा सांगितलं, पण लिहून द्या म्हटलं की विषय पडद्याच्या रंगावर. बरं, त्याचं म्हणणं खरं धरू. महिन्याला शंभर युनिट वाचली, आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट सरासरी १२ रुपयांना पडतं, म्हणजे बाराशे रुपये. वसुलीला साडेसात वर्षं. तोवर ते अ‍ॅप तरी चालू असेल का?

मग वाटलं, आधी मोजूया. वीज मोजणारे दोन स्मार्ट प्लग घेतले, गीझरसाठी १६ अँपिअरचा आणि दुसरा साधा. पंधरा दिवस फिरवून फिरवून लावले.

गीझर २५ लिटरचा, २ किलोवॉटचा. बाबा साडेपाचला लावतात, आईची आंघोळ आठला, नंतर ज्याला आठवेल तो बंद करतो. आठवलं त्या दिवशी २.६ युनिट, दुपारपर्यंत विसरला त्या दिवशी ३.५. फ्रिज रोज १.९ खातो, पण तो माझ्या बारावीच्या निकालाच्या वर्षीचा आहे, त्याला काय बोलणार. खरा धक्का सेट-टॉप बॉक्सचा. रिमोटने बंद केल्यावरही ११ वॉट! असे दोन बॉक्स, त्यातला एक वरच्या बंद खोलीत. तिथे पाहुणे आले तरच टीव्ही लागतो.

आता नक्की विचारायचंय ते. गीझरला नुसता टायमर पुरेल का, आणि मध्येच लाइट जाऊन आली तर काय होतं? सेन्सरच्या दिव्यांनी काही वाचतं का? आणि पंख्यांचं काय करू? चारही जुने आहेत. एक अट आहे: आईला भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. "मोबाइल शोधून दिवा लावायचा असेल तर मी कंदील लावीन," असं तिने आधीच सांगून टाकलंय.

प्रतिसाद – वायरमनचा मुलगा

आधी मोजलंत हे फार बरं केलंत. सेन्सरचं गणित करून बघा. ९ वॉटचा एलईडी रोज चार तास विसरून चालू राहिला तर महिन्याला जेमतेम एक युनिट जातं. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. तो १ वॉट जरी घेत असेल तरी महिन्याला पाऊण युनिट त्याचंच. उरलं काय? स्मार्ट स्विचचंही तसंच, बोर्डाच्या आतलं मॉड्यूल वायफाय धरून बसलेलं असतं. अशी बारा मॉड्यूल बसवलीत तर आठ-नऊ युनिट नवीन खर्च. रात्री बाथरूमला उठताना आई-बाबा पडू नयेत म्हणून पॅसेजला एक सेन्सर जरूर लावा. ती गोष्ट बिलाची नाही.

गीझरचा प्लग आहे तोच ठेवा. फक्त सेटिंगमध्ये 'वीज परत आल्यावर बंदच राहा' हे निवडा, नाहीतर दुपारी लाइट आली की तो आपोआप तापायला लागेल. वेळापत्रक प्लगच्या आतच साठतं का तेही बघा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी चालेल. राउटर बंद करून तपासता येतं. आणि कुणी गीझरला १० अँपिअरचा प्लग सुचवला तर ऐकू नका. २ किलोवॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, रोज तास-तासभर. असे प्लग पिवळे पडून वितळलेले मी स्वतः काढलेत.

पण टायमरकडून फार अपेक्षा नको. गीझरची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, १५ लिटर पाणी ३५ अंशांनी चढवायला ०.६ युनिट लागतंच. तुमच्याच आकड्यांवर विसरलेल्या दिवसाचे ०.९ युनिट वाचेल, बाकीचं नाही. थर्मोस्टॅट ७० वर असेल तर ५५ वर आणा.

पंखे मात्र बदला. साधा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. चारही नको, जे दोन खरंच फिरतात तेवढेच. त्यांना जुना रेग्युलेटर चालत नाही, तो बोर्डातून काढायला सांगा.

प्रतिसाद – गच्चीवरचा कावळा

स्वतःची मोकळी गच्ची, साताऱ्याचं ऊन आणि प्रश्न गीझरच्या टायमरचा? १०० लिटरचं सोलर बसवा, गीझर पावसाळ्यापुरता उरेल. बोअरचं पाणी जड असेल तर ट्यूबमध्ये क्षार साचतात, तेवढं आधी तपासा.

आणखी एक. ३०० च्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही, ३०० च्या वरची युनिटंच महाग पडतात. त्यामुळे वाचलेलं पहिलं युनिट सगळ्यात महागातलं वाचतं.

प्रतिसाद – गॅलरीतली तुळस

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. शंभर-दोनशे युनिटचा शोध घेण्याआधी ते बदलून बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ऑटोमेशनवाल्याला नको म्हणून कळवलं. तो आता पडदा निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे.

वरच्या खोलीतला बॉक्स काढून कपाटात ठेवला, खालच्याचं बटण भिंतीवरूनच बंद करतो. दोन पंखे मागवले. कागद सरळ निघाला हो, रबर सांगितलंय. गीझरला सकाळी ५.३० ते ६.१५ आणि ७.३० ते ८ अशी वेळ लावली, पण पहिल्याच दिवशी बाबा पावणेसहाला उठले आणि प्लगवरचं बटण दाबून चालू असलेला गीझर बंद करून बसले. थंड पाण्याने आंघोळ झाली. फोनवर पंधरा मिनिटं ऐकून घेतलं.

सोलरचं एक विचारायचं राहिलं: आमची टाकी गच्चीवर फक्त चार फूट उंच आहे. तेवढ्या उंचीवरून सोलरच्या टाकीत पाणी चढेल का, की स्टँड वाढवावा लागेल?