मदत हवी आहे: ऑक्टोबर लागला, तलाव तुडुंब, पण बाहेरून येणारी (स्थलांतरित) बदकं कुठायत? (नागपूर)

संत्रानगरी:
अंबाझरीच्या पाळीवर दोन रविवार, सकाळी ७ ते ९. अडई, हळदी-कुंकू (दोन्ही इथलीच बदकं) आणि वारकरी (काळा पाणपक्षी), एवढंच नक्की ओळखता आलं. लांबवर ११ बारकी तपकिरी बदकं होती, पण सगळ्या माद्याच वाटल्या. दुर्बीण १० बाय ५० (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिमी).
जागा चुकतेय की महिना? नुसत्या माद्याच कशा येतील? आणि दुर्बीण बदलावी का?

सांडवा:
महिना ठीक आहे, पाणी जास्त आहे. थापट्या, तलवार, चक्रांग ही बाहेरून येणारी, वरवर चरणारी बदकं. खोल बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून मान पुरेल तेवढाच चिखल चाळतात. त्यांना वीत-दोन वीत पाणी हवं. आत्ता तलाव सांडव्यापर्यंत भरलेत, काठचं गवतही पाण्याखाली. पाणी उतरून चिखलाचा पट्टा उघडा पडला की नोव्हेंबर-डिसेंबरात गर्दी होते. पट्टकादंब (बाहेरून येणारा हंसासारखा मोठा पक्षी) तर त्याआधी शोधूच नका.

दुसरं म्हणजे पाळ ही तलावाची सगळ्यात खोल बाजू. अंबाझरीची पाळ पूर्वेला, म्हणून सकाळी ऊन पाठीशी राहतं, ते उत्तमच. पण उथळ पाणी पार पश्चिमेला. त्यापेक्षा गावाकडचे लहान मालगुजारी तलाव (मालगुजारांनी पूर्वी बांधलेले) बघा, त्यांचा काठ लवकर उघडा पडतो. फक्त जायच्या आधी गावात विचारा, शिंगाडा लावलाय का? तोडणी सुरू असेल तर डोंगा (लहान होडी) सकाळपासून पाण्यात असतो आणि बदकं पाण्यावर टिकत नाहीत. हे न विचारता गेलं की ४० किलोमीटरचं पेट्रोल वाया.

थापट्या_प्रेमी:
माद्या नाहीत त्या, निदान सगळ्या तरी नाहीत. विणीनंतर नर बदक रंगीत पिसं टाकून मादीसारखी तपकिरी पिसं धारण करतं आणि बरेच नर त्याच वेशात इथे उतरतात. हिवाळा चढतो तसा रंग परत येतो. भुवई बदकाचा नर यात सगळ्यात आळशी, त्याची ती पांढरी भुवई दिसायला पुष्कळ थांबावं लागतं. म्हणून ऑक्टोबरात रंग सोडा, चोच आणि चेहरा बघा.

थापट्या: फावड्यासारखी चोच, लांबूनही बदक पुढून जड दिसतं.
तलवार: बारीक लांब मान, राखाडी चोच, डोक्यावर एकही रेघ नाही.
भुवई: चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका.
चक्रांग: चेहरा साधा, पंखावर हिरवा चौकोन आणि शेपटीच्या बुडाशी, बाजूला, एक पांढुरकी रेघ. ही रेघ बसलेल्या पक्ष्यातही दिसते, तीच पकडा.

तुतवार:
दुर्बीण ठेवा जी, उगाच पैसे नका घालू. १० बाय ५० आणि ८ बाय ४२, दोन्हींत डोळ्यापर्यंत येणारा उजेड जवळजवळ सारखाच (५० भागिले १० म्हणजे ५, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच). फरक वजनाचा आणि थरथरीचा. कोपरं छातीला टेकवा, नाहीतर सरळ मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावा. खरी चूक वेळेची आहे. सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो; तेव्हाच काठावर हजर पाहिजे. ऑक्टोबर हीटमध्ये ९ वाजले की पाण्यावरची हवा लहरायला लागते, मग टेलिस्कोपातही चोच वितळल्यासारखी दिसते.

आणि तोवर नुसतं बदकांच्याच मागे का लागता? चिखलाचा एखादा तुकडा सापडला तर तुतवार (काठाने चरणारे छोटे पाणपक्षी) कधीचे येऊन बसलेत. शेपूट सतत हलवणारा आणि खांद्याशी पांढरी खाच असलेला तो साधा तुतवार. उडताना पाठ काळपट आणि बूड पांढरंशुभ्र दिसलं तर हिरवा. डोळ्याच्या मागेपर्यंत जाणारी पांढरी भुवई आणि पाठीवर ठिपके असतील तर ठिपकेवाला.

संत्रानगरी:
फोटो मोठा करून बघितला. तीन पक्ष्यांच्या शेपटीजवळ पांढुरकी रेघ आहे, चेहरा साधाच. बाकी आठ धूसर. ई-बर्डवर (पक्षीनोंदीच्या वेबसाइटवर) ११ चक्रांग टाकू का?

थापट्या_प्रेमी:
नाही. चक्रांग ३ टाका आणि नर-मादीचा रकाना रिकामा ठेवा. उरलेल्या ८ साठी यादीत 'बदक, जात अनिश्चित' असा पर्याय आहे, तो घ्या. याच महिन्यात भुवई आणि चक्रांग एकाच थव्यात मिसळलेले असतात, शेजारी बसलाय म्हणून तोच असं धरू नका.