मेसच्या जेवणानंतर छातीत जळजळ आणि करपट ढेकर : मदत हवी आहे

वाटसरू_२१ :
नमस्कार. मी पुण्यात कॉटबेसिसवर राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्रीचे जेवण झाले की छातीत जळजळते, करपट ढेकर येतात आणि पोट फुगून राहते. इनो घेतल्यावर तेवढ्यापुरते बरे वाटते. परीक्षा तोंडावर आली आहे, त्यामुळे ‘तिखट कमी खा’ यापलीकडचा उपाय कृपया लवकर सांगावा.

कृष्णाकाठ :
आपण किती वाजता जेवता, जेवल्यावर किती वेळाने आडवे होता आणि इतर कोणती औषधे चालू आहेत, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

शेवंती :
दोष मेसचाच आहे. आमटीवर बोटभर तेलाचा तवंग आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवलेले, मग दुसरे काय होणार? माझ्या मुलाला जिरेपूड आणि हिंग घातलेल्या ताकाने गुण आला. आपणही तेच घ्यावे.

माणदेशी :
रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्यावे. सकाळी पोट साफ होते.

वाटसरू_२१ :
मला बद्धकोष्ठता नाही, तसे मी लिहिलेलेही नाही. साडेनऊला जेवतो आणि खोलीत चार कॉटांमध्ये टेबलाला जागा नसल्याने लगेच पडून वाचतो. मध्यरात्रीनंतर चहा आणि क्रीमरोल होतो, पण ते सगळेच करतात.

नीलमोहोर :
मी वैद्यकाची निवासी विद्यार्थिनी आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली, की भरल्या पोटी आडवे होताच आम्ल वर चढते. चहा, चॉकलेट आणि तंबाखू तिला आणखी सैल करतात. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, भिंतीला टेकून वाचावे आणि झोपताना डावी कूस धरावी. वेदनाशामक गोळ्या घेता का?

वाटसरू_२१ :
डोके दुखते तेव्हा चहाबरोबर आयब्युप्रोफेनची गोळी घेतो. हल्ली जवळजवळ रोजच. परंतु प्रश्न पोटाचा आहे.

नीलमोहोर :
हा पोटाचाच प्रश्न आहे. जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती या गोळ्या कमी करतात आणि रिकाम्या पोटी अस्तराला थेटही त्रास देतात. डोकेदुखीला पॅरासिटामॉल तुलनेने सौम्य आहे. पण रोज डोके का दुखते, हेही तपासून घ्या.

दवबिंदू :
इतके खोलात कशाला जायचे? अविपत्तिकर चूर्ण सुरू करा. ॲलोपॅथीवाले आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी देतात आणि मग ती सुटत नाही.

कृष्णाकाठ :
त्या चूर्णात निशोत्तर हे रेचक असते. वैद्यांना न दाखवता ऐन परीक्षेत ते घेण्याचा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

शेवंती :
मला तर हा सगळा परीक्षेचा ताण वाटतो.

नीलमोहोर :
ताणाने त्रास वाढतो, हे खरे आहे. मात्र जठरव्रण (अल्सर) ताणानेच होतात हा समज मागे पडला, तो बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या संशोधकांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूशी या व्रणांचा संबंध दाखवल्यावर. त्या कामाला २००५ चे नोबेल मिळाले. हा संसर्ग आपल्याकडे सर्रास आढळतो आणि विष्ठेच्या किंवा श्वासाच्या चाचणीत कळतो. पँटोप्राझोल डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरतेच आणि न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. ते चालू असेल तर चाचणीपूर्वी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून थांबवावे लागते, अन्यथा संसर्ग असूनही निष्कर्ष नकारार्थी येऊ शकतो. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर परीक्षेची वाट पाहू नका.

वाटसरू_२१ :
वजन घटले आहे, पण ते मेसमुळे असेल असे मी धरून चाललो होतो. दुर्बिणीने तपासणी करावी लागेल का?

नीलमोहोर :
ते डॉक्टर आपल्याला पाहून ठरवतील. उद्याच दाखवा, आणि आयब्युप्रोफेन आजपासून बंद.

माणदेशी :
इसबगोलही जाताना विचारून घ्या.